समासातली सूचना

"सूचना कुठे गेली, विभावरी?"

प्रश्न शांतपणे विचारलेला होता. ह्यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, राग असाच असे. आवाज चढत नसे, आणि म्हणूनच तो समोरच्याला अधिक लागे. संगणकासमोरच्या खुर्चीवर हे बसले होते, शेजारी आमची सून विभावरी, आणि दाराशी मी, हातात विरजणाचे भांडे घेऊन.

"आहे ना आप्पा. उजवीकडे समासात. लाल चौकट दिसतेय बघा."

ह्यांनी मान वळवून पडद्याच्या उजव्या कडेकडे पाहिले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आता आली. मी विचारल्यावर घातलीस."

"मी काहीच केलं नाही. माझे हात केव्हाचे मांडीवर आहेत."

"काल असंच झालं, परवाही असंच झालं. चूक झाली म्हण, विषय संपतो. पण नसलेली गोष्ट होती म्हणून सांगू नकोस. खोटं चालत नाही मला."

विभावरीने माझ्याकडे पाहिले. मी भांडे घेऊन स्वयंपाकघरात गेले. दोघांच्या भांडणात मध्येच तोंड घालणे हा माझा स्वभाव नव्हे. कन्याशाळेची मुख्याध्यापिका म्हणून मी निम्मे आयुष्य घालवले आहे, आणि दोन्ही बाजू पुरत्या ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही माझी शिस्त घरातही कधी सुटली नाही.

या गोष्टीला आता वीस वर्षे होऊन गेली. आम्ही तेव्हा साताऱ्यात सदर बझारला राहत होतो. हे ज्या कारखान्यातून निवृत्त झाले होते तिथे बॉयलर तयार होत. प्रत्येक बॉयलरबरोबर त्याची माहितीपुस्तिका जाई, आणि ती पुस्तिका ह्यांनी लिहिलेली असे. तिच्यातले मराठी मी तपासत असे, त्यामुळे तिची पाने मला जवळजवळ पाठ होती. पुस्तिका अखेरची तयार झाली की पहिल्या पानावर हे आधी "पाहिले" असे लिहीत आणि मग त्याखाली सही करीत. नुसती सही त्यांनी कधी केली नाही. आणि एकदा सही पडली की त्या पुस्तिकेला कोणी हात लावायचा नाही, अगदी स्वतः ह्यांनीही नाही, असा त्यांचा नियम होता. थोरले मालकसुद्धा तो नियम पाळत.

धोक्याच्या सूचनेबद्दल हे इतके कडवे का होते, तेही सांगितले पाहिजे. उमेदवारीच्या दिवसांत एका गिरणीत त्यांनी बॉयलर फुटलेला पाहिला होता. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतले पाणी दिसेनासे झाले असेल तर बॉयलरमध्ये नवे पाणी सोडायचे नसते, आधी आग काढायची असते. त्या गिरणीच्या पुस्तिकेत ही सूचना होती, परंतु पान उलटल्यावर होती. बॉयलरवाल्याने पान उलटण्यापूर्वी झडप उघडली. त्या माणसाला उचलणाऱ्यांत हे होते. ह्याहून अधिक त्यांनी मला कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

कारखान्याने त्या वर्षी पुस्तिका कागदावर छापणे बंद करून संगणकावर वाचता येईल अशी करायचे ठरवले. ते काम विभावरीला मिळाले. तिच्या स्वतःच्या हिमतीवर मिळालेले ते पहिलेच काम. मात्र कारखान्याचे मोहिते साहेब म्हणाले होते, की रिसबूड साहेबांनी, म्हणजे ह्यांनी, मंजूर केल्याशिवाय पुस्तिका बाहेर पडणार नाही. मुलगा सलील पुण्यात नोकरीला, शनिवारी रात्री उशिरा यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. तेव्हा घरात आम्ही तिघेच, आणि पुस्तिका.

काम काय आहे हे मी विभावरीकडून समजावून घेतले होते. ती म्हणाली, आप्पांचा मजकूर एक्सएमएल नावाच्या पद्धतीने ठेवला आहे. त्यात हे शीर्षक, ही पायरी, ही सूचना, एवढ्याच खुणा असतात. ते कसे दिसावे याचा त्यात एक शब्दही नसतो. दिसण्याचे सगळे नियम दुसऱ्या फाइलीत, तिला स्टाइलशीट म्हणतात. मजकूर त्या नियमांतून गेला की पडद्यावरचे पान तयार होते. अशी एक स्टाइलशीट कोणालाही वापरता येईल अशी आयती मिळते. तिला हात लावायचा नाही, आपल्याला हवे ते बदल वेगळे लिहून तिच्यावर पांघरायचे.

"म्हणजे मजकूर हा माणूस आणि तुझं काम त्याच्या कपड्यांचं," मी म्हटले.

"कपडेच, आई. पण मापाचे शिवावे लागतात."

विभावरीने पान देखणे केले होते. डावीकडे अनुक्रमणिका, मध्ये मजकूर, उजवीकडे रुंद समास आणि त्या समासात, ज्या पायरीची असेल तिच्या शेजारी, लाल चौकटीत सूचना. मला ते पसंत होते. ह्यांना मात्र सूचना सापडत नसत. विभावरीने दाखवल्या की सापडत, आणि तेवढ्यावरून ह्यांची खात्री होई की तिने त्या आत्ताच घातल्या. पोरीने नियम पुन्हा पुन्हा तपासले. पान उघडताना समास मागाहून येतो की काय, अशी शंका येऊन तिने तीही बाजू दुरुस्त केली. संगणक बदलून पाहिला. चौकटीचा लाल रंग अधिक गडद केला. तक्रार तशीच राहिली.

त्याच सुमारास ह्यांची आणखी एक तक्रार चालू होती. पानात चटणी वाढत नाही, कोशिंबीर वाढत नाही. आमच्याकडे पान रीतीप्रमाणेच वाढले जाते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात. विभावरीला मी एकदा स्पष्ट सांगितले, की काम कितीही असो, ह्या घरात पानाची डावी बाजू रिकामी राहत नाही. दुसऱ्या दिवशी तिने चटणी दुप्पट वाढली.

त्या शनिवारी दुपारी हे निकराला आले. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, की सोमवारी मोहित्यांना कळवतो, हे काम मला मंजूर नाही.

"आप्पा, मग ते काम माझ्याकडून काढून घेतील," विभावरी म्हणाली.

"घेतील. उद्या कुणाचा जीव गेला तर तो परत घेता येणार नाही."

ती उठून आत गेली. डोळे पुसायला गेली हे मला कळले, कारण ती माझ्यासमोर कधी रडत नसे. तेवढा मान तिने मला दिला आणि स्वतःलाही.

ती परत आल्यावर मी म्हटले, "आता मी बघते. पुस्तिका उघडा. तुम्ही वाचा, मी मागे बसते. विभावरी, तू तिकडे दाराशी उभी राहा. संगणकाला हात लावायचा नाही."

"तपासणी का?" हे जरा हसून म्हणाले. "बाईंच्या वर्गात बसायला मिळालं म्हणायचं."

"वाचा."

हे मोठ्याने वाचू लागले. वाचताना एकेक ओळ बोटाने धरीत. बॉयलर सुरू करण्यापूर्वीची तयारी. मग काचेची नळी तपासणे. मग ती पायरी आली. "पाणी भरण्याची झडप सावकाश उघडावी," ह्यांनी वाचले आणि पुढच्या पायरीवर गेले. ती वाचून थांबले. मागे न वळता म्हणाले, "बघितलंस? झडप उघडायला सांगितलं आणि सूचनेचा पत्ता नाही. आता तूच सांग, तुझी सून खरं बोलते की मी."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते. झडपेच्या पायरीला लागून उजव्या समासात लाल चौकट होती. आत ठळक अक्षरांत लिहिले होते, की नळीतले पाणी दिसत नसल्यास झडप उघडू नये, आधी आग काढावी. पान उघडल्यापासून ती तिथेच होती. ह्यांच्या बोटापासून वीतभर अंतरावर.

दाराशी विभावरीने तोंड उघडले. मी तिला हाताने थांबवले.

"पुढचं वाचा," मी ह्यांना म्हटले.

त्यांनी पुढचे पान वाचले, त्याच्या पुढचेही. प्रत्येक चौकट त्यांनी ओलांडली. शेवटी म्हणाले, "निकाल?"

"उद्या सांगेन."

रविवारी मी कोणालाही स्वयंपाकघरात येऊ दिले नाही. ह्यांचे पान माझ्या हाताने वाढले. मीठ, लिंबू, खोबऱ्याची हिरवी चटणी, काकडीची कोशिंबीर, सगळे डावीकडे, जागच्या जागी. सलीलने पाहिले, विभावरीनेही पाहिले. ह्यांनी भातावर वरण कालवले, पहिला घास घेतला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आज तू वाढलंस, तरी चटणी नाहीच."

विभावरीचा हात पानावरच थांबला. सलील काही बोलणार होता. मी चटणीचे पातेले उचलले आणि चमचाभर चटणी ह्यांच्या भाताला लागून, अगदी मधोमध वाढली.

"राहिली होती," मी म्हटले. "जेवा."

ते मिटक्या मारीत जेवले. चटणीला मिरची बेताची पडली आहे, असेही म्हणाले.

मागचे आवरताना विभावरी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. भांड्यांवरून फडके फिरवू लागली. मग म्हणाली, "आई, त्यांना बाजूचं दिसत नाही."

"नाही दिसत."

"आणि दिसत नाही हे त्यांना माहीत नाही."

"नाही माहीत. पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना सकाळीच फोन लावलाय, गुरुवारी बोलावलंय. तोवर या घरात कोणी काही बोलायचं नाही. काय आहे ते डॉक्टर सांगतील. तुझ्यामाझ्या अंदाजानं त्यांना घाबरवायचं नाही."

"पण उद्या सोमवार आहे. ते मोहिते साहेबांना नकार कळवतील." फडके बाजूला ठेवून ती हलक्या आवाजात म्हणाली, "एक करता येईल. मजकूर एकच आहे, त्याला दोन वेगवेगळ्या स्टाइलशीट लावता येतात. आप्पांसाठी सगळं मध्ये आणते. अरुंद पान, समास नाही, सूचना पायरीच्या वर. ते बघतील, मंजूर करतील. कारखान्याला मात्र हेच रुंद पान जाईल. शब्दाचाही फरक नाही. कुणाला कळणारही नाही."

ती वाईट हेतूने बोलत नव्हती. तिला तिचे काम वाचवायचे होते आणि ह्यांचा मानही.

"ते 'पाहिले' असं लिहितात, ठाऊक आहे ना तुला?" मी विचारले.

"हो."

"मग जे त्यांनी पाहिलंय तेच बाहेर जाईल. न पाहिलेल्या पानावर माझ्या नवऱ्याचं 'पाहिले' पडणार नाही, आणि या घरातून तर नाहीच. मध्ये आण सगळं. आणि तेच कारखान्याला दे."

"दोन्हीकडे नुसतं पांढरं राहील, आई. ओकंबोकं दिसेल."

"दिसू दे."

सोमवारी सकाळी अंघोळ उरकून हे संगणकासमोर बसले तेव्हा पान बदललेले होते. मध्ये मजकुराचा एक अरुंद पट्टा, अनुक्रमणिका सुरुवातीला, आणि प्रत्येक सूचना तिच्या पायरीच्या डोक्यावर, वाट अडवून उभी. सूचना वाचल्यावाचून पायरी वाचताच येऊ नये, अशी. ह्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. दुपारचे जेवणही खुर्चीवरच घेतले. मग विभावरीला हाक मारली.

"हे आधीच करायला काय झालं होतं?"

"सुचलं नाही, आप्पा," ती म्हणाली.

"आता बरोबर झालंय. उगाच वाद घातलास इतके दिवस." आणि कारखान्याकडून आलेल्या कागदावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरांत "पाहिले" असे लिहून खाली सही केली. ते शेवटचे "पाहिले". मोहिते साहेबांचा संध्याकाळी फोन आला. सूचना पायरीच्या आधी आणण्याची कल्पना फार चांगली आहे, असे ते म्हणाले. हे म्हणाले, सुनेची आहे.

गुरुवारी पुण्यात डॉक्टरांनी ह्यांची हनुवटी एका यंत्रावर टेकवली. ठिपका दिसला की बटण दाबा, असे सांगितले. मी बाजूला उभी होते. ठिपके लुकलुकत होते, आणि हे बटण न दाबता वाट पाहत बसले होते. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. कडेची नजर फार दिवसांपासून जात होती. रुग्णाला ती गेल्याचे कळत नाही, कारण तिथे अंधार दिसत नाही, काहीच दिसत नाही. गेलेले परत येत नाही. थेंबांनी उरलेले जेवढे राखता येईल तेवढे राखू.

एस.टी.ने परत येताना खिडकीशी त्यांना बसवले होते. खंबाटकीचा घाट उतरल्यावर हे समोर पाहतच म्हणाले, "सूचना पहिल्यापासून तिथेच होती ना?"

"होती."

"चटणी?"

"तीही."

पुढे साताऱ्याचा स्टँड येईपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण चारचौघांत त्यांनी माझा हात धरल्याचे मला दुसरे स्मरत नाही.

घरी आल्यावर त्यांनी बूटही काढले नाहीत. विभावरी दार उघडायला आली होती. तिथेच उभे राहून म्हणाले, "तू खरं बोलत होतीस. मी तुला खोटारडी म्हणालो."

"आप्पा, आत या. पाणी घ्या आधी."

"नंतर. तुझं पहिलं पान बरोबर होतं. ते परत लाव. बॉयलरवाल्यांचे डोळे चांगले आहेत. माझ्या डोळ्यांच्या मापाचं पान त्यांना कशाला?"

"लावता येईल," विभावरी म्हणाली. "मूळ नियमांना मी हात लावलेला नाही. वरचा थर काढला की जुनं पान परत येतं. पण मी काढणार नाही."

आमच्या घरात ह्यांना नाही म्हणण्याची रीत नव्हती. ह्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली, ती नेमकी दिसेपर्यंत.

"का?"

"तुम्ही सही केलीत. सही झाल्यावर कोणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही."

हे खाली बसले आणि बुटांच्या नाड्या चाचपू लागले. विभावरी वाकली आणि तिने त्या सोडल्या.

त्यानंतर हे पुष्कळ वर्षे जगले. थेंबांनी काही राखले, काही राखले नाही. पुस्तिका रोज थोडी वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून घरातल्या संगणकावर विभावरीने त्यांच्यासाठी एक वेगळी स्टाइलशीट ठेवली होती. दर दिवाळीच्या आसपास ती त्यात बदल करी. पट्टा आणखी अरुंद, अक्षर आणखी मोठे. मजकुरातला एक शब्दही कधी बदलला नाही. शेवटी शेवटी एका ओळीत एकच शब्द मावू लागला. "झडप." मग पुढची ओळ. "सावकाश." हे एकेक शब्द वाचून हुंकार देत. पुढे तेही जमेनासे झाले. मग मी वाचून दाखवू लागले. माझ्याकडून कधी आधी पायरी वाचली गेली, की हे हात वर करीत. "सूचना आधी," म्हणत. मी पुन्हा मागे जाऊन सूचनेपासून सुरुवात करी. चटणी शेवटपर्यंत भाताला लागून, मधोमध वाढली जाई.

त्यांना जाऊन आता तीन वर्षे झाली. विभावरी आता पुण्यात असते, तिच्या हाताखाली आज बरीच माणसे काम करतात. गेल्या महिन्यात ती पुण्याहून मुद्दाम भेटायला आली. चहा झाला तरी विषय काढीना. शेवटी मीच म्हटले, की जे असेल ते सांगून टाक.

मोहिते साहेबांच्या जागी नवे साहेब आले आहेत, ती म्हणाली. पडदे आता रुंद झालेत, आणि आपल्या पुस्तिका मात्र अजून त्याच अरुंद पट्ट्यात निघतात. त्यांना पान रुंद करून हवे आहे. तासाभराचे काम आहे. पण तिने अजून होकार दिलेला नाही.

"बॉयलरवाल्यांची तक्रार आहे?" मी विचारले.

"नाही. त्यांची कधीच नव्हती. ऑफिसातल्यांची आहे."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, दोन्हीकडची एवढी जागा रिकामी का सोडलीय?"

ह्यांच्या खुर्चीसमोर तो जुना संगणक अजून तसाच आहे. मी त्याच्या पडद्याकडे पाहिले, मग सुनेकडे.

"त्यांना कळव," मी म्हटले, "ती जागा रिकामी नाही."